चोडणला ओहोटीच्या वेळेला जा

कुणीतरी लिहिलंय की गोव्यातल्या चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात तासभर फिरून काहीच दिसलं नाही, पण अहो भरतीला गेलात तर नुसतं पाणी नि खारफुटीच दिसणार. आम्ही रायबंदरहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने गेलो, मांडवी नदीला ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला आणि त्यात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) टणाटण उड्या मारतायत, एक तर चक्क खारफुटीच्या मुळावर चढून डोळे गरागरा फिरवत बसलेली! पोरगी तिथून हलेचना. खंड्या दोनतीन प्रकारचे दिसले, पाणमांजराने मात्र दर्शन दिलं नाही. एरिया जेमतेम 1.8 चौ. किमी, त्यामुळे घाई करू नका. आणि हो, डास भयंकर, फुल बाह्यांचा शर्टच घाला.