बँडचा घरचा सराव: मिनिटं मोजायची की बार?

क्लॅरिनेटची_आई

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी शाळेच्या बँडमध्ये गेली, क्लॅरिनेट वाजवते. वर्गातून दर आठवड्याला एक तक्ता घरी येतो. रोज किती मिनिटं सराव केला ते लिहायचं आणि आठवड्याची शंभर मिनिटं भरली की पालकांनी सही करायची.

मी सही करते. मिनिटं खरी असतात, ती खरंच वाजवते. पण शेजारच्या खोलीत बसून मला रोज एकच ऐकू येतं. धून पहिल्यापासून सुरू होते, बाराव्या बारपाशी (बार म्हणजे धुनेचा ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा) क्लॅरिनेट चिरकतं, ती थांबते आणि परत पहिल्यापासून. वीस मिनिटांत दहा-बारा वेळा. पहिले अकरा बार आता इतके छान वाजतात की मलाही पाठ झालेत. बारावा मात्र महिनाभर जिथल्या तिथे आहे.

त्यात गेल्या आठवड्यात शिक्षकांची चिठ्ठी आली, की ही वर्गात सूचना चालू असताना वाजवत बसते. तिला विचारलं तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मी तोच बार काढून बघत होते गं. बाकी सगळ्यांना येतो."

मला संगीतातलं काही कळत नाही. सराव घेताना शेजारी बसू का? शंभर मिनिटं पुरेशी आहेत का? आणि वर्गात मुलांकडून नेमकं काय हवं असतं, हे कुणी सांगेल का? ती हे सोडून देईल अशी भीती वाटते.

---

बँडबाई

आधी तिला एवढं सांगा, की तो बार बाकी सगळ्यांना येत नाही. मी वीस वर्षं शाळेचा बँड शिकवतेय आणि मी स्वतः क्लॅरिनेटवालीच. आठव्या महिन्यात चिरकणं म्हणजे बहुतेक एकच जागा असते. तिला विचारा, बाराव्या बारमध्ये मधल्या 'ए'वरून वरच्या 'बी'वर जायचंय का?

तसं असेल तर तिचं काय होतंय ते सांगते. सॅक्सोफोनमध्ये किंवा ओबोमध्ये तीच बोटं ठेवून वरच्या पट्टीत गेलं की सूर एक सप्तक चढतो. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सारख्याच रुंदीची असते आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून तिथे सूर सप्तकाच्याही वर, पाश्चात्त्य मोजणीने थेट बाराव्या स्वरावर, म्हणजे वरच्या पंचमावर उडी मारतो. मधली रिकामी जागा भरायला वाद्याच्या गळ्याजवळचे जे सूर आहेत, त्यांना बोटं जवळजवळ लागतच नाहीत. 'ए' वाजवताना फक्त डाव्या हाताचं पहिलं बोट एका किल्लीवर असतं. आणि पुढच्या 'बी'ला सगळी बोटं खाली, वर अंगठ्याने मागची किल्ली. म्हणजे पोरीला एका क्षणात एका बोटावरून सगळ्या बोटांवर यायचंय. एकही बोट उशिरा आलं किंवा छिद्र अर्धवट झाकलं गेलं की चिरकलंच.

उपाय जुना आहे आणि हमखास लागू पडतो. 'ए' वाजवतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटं छिद्रांवर आधीच ठेवून द्यायची. त्याने सुरात बिघाड होत नाही. मग 'बी'साठी फक्त डावा हात यायचा उरतो. डावं पहिलं बोट किल्लीवरून उचलायचं नाही, लोळवून छिद्रावर आणायचं. आणखी एक तपासणी: वाद्य हातात धरून सगळी छिद्रं नेहमीच्या जोराने झाकायला सांगा, पाच सेकंद तसंच धरायचं, मग हात उलटे करून बोटांची टोकं बघायची. छिद्र झाकणाऱ्या प्रत्येक बोटावर पूर्ण गोल उमटलेला दिसला पाहिजे. जिथे अर्धाच चंद्र दिसेल ते बोट हवा सोडतंय. हे तपासायला तुम्हाला संगीत यायची गरज नाही.

आता सरावाबद्दल. ती पहिल्यापासून सुरू करते तेव्हा सराव होतो तो येणाऱ्या अकरा बारचा. बारावा रोज दहा-बारा वेळा चुकतो, म्हणजे चुकण्याचाच रियाज होतोय. हात बिचारे प्रामाणिक असतात, जे दहा वेळा करवून घ्याल तेच शिकतात. २००९ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी पियानोच्या सतरा विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचचा एक अवघड तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा कसा वाजतो ते पाहिलं. कोण किती वेळ बसलं किंवा किती वेळा वाजवलं यावरून काही ठरलं नाही. ज्यांचा उत्तम वाजला ते चूक कुठे आहे हे लगेच हेरत होते आणि तो टप्पा सुटेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नव्हते. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली दोन-तीन मुलंच डोळ्यासमोर आली.

म्हणून सराव बाराव्या बारपासूनच सुरू करायचा, हातपाय ताजे असताना. बारसुद्धा पूर्ण नाही. अकराव्याचा शेवटचा सूर आणि बाराव्याचा पहिला, दोनच. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर, एका सुराला दोन ठोके. लागोपाठ पाच वेळा स्वच्छ गेलं की पुढचा एक सूर जोडायचा. चुकलं तर वेग कमी, आणि एक सूर मागे. बारावा बसला की अकरा-बारा जोडून, मग दहापासून. उलटं मागे मागे जायचं, म्हणजे दर वेळी ती नव्याकडून ओळखीच्या भागाकडे येते. संपूर्ण धून दिवसातून एकदाच, शेवटी, कुठेही न थांबता. तिथे चिरकलं तरी पुढे जायचं, कारण बँडमध्ये कुणी तिच्यासाठी थांबणार नाहीये. अडलं की थांबणं ही सरावाची रीत आणि न थांबणं ही वाजवण्याची. दोन्ही शिकायला लागतात, पण एकाच वेळी नाही.

शंभर मिनिटं तिच्या वयाला भरपूर. पण पाच दिवस वीस-वीस करा, रविवारी एकदम शंभर करू नका. ओठांच्या कडेचे स्नायू दमले की मूल रीडला (तोंडात धरायच्या वेताच्या पातीला) चावायला लागतं, सूर चढा आणि आवळलेला येतो, आणि तीच सवय लागते. सुरुवातीची चार मिनिटं नुसते लांब सूर. एक सूर हळू सुरू करायचा, भरायचा, परत हळू सोडायचा. मुलांना हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच.

आता वर्ग. चिठ्ठीमुळे वाईट वाटणं साहजिक आहे, पण आम्ही शांतता का मागतो ते सांगते, कारण बऱ्याच मुलांना ती शिस्तीसाठी शिस्त वाटते. चाळीस जण वाजवत असताना मला काहीतरी खटकतं. तिसऱ्या क्लॅरिनेटमध्ये? की हॉर्नमध्ये? मी हात खाली घेते. पुढचे दोन-तीन सेकंद ते सगळं माझ्या कानात जसंच्या तसं घुमत असतं. तेवढ्यात कुणी एक सूर फुंकला तरी ते पुसलं जातं. मग मला परत चाळीस जणांना वाजवायला लावून शोधावं लागतं. म्हणून हात खाली आला की वाद्य ओठांपासून दूर, ही माझ्या वर्गातली पहिली अट.

तिला सांगा, बाईंनी किंवा सरांनी दुसऱ्या गटाला काही सांगायला घेतलं की तिने बोटं चालवावीत, फुंकू नये. बाराव्या बारची बोटं न फुंकता वीस वेळा होतील आणि कुणाला त्रासही नाही. माझी सगळ्यात चांगली मुलं हेच करत असतात.

बाकी अपेक्षा थोड्याच. वाद्य जोडून, रीड ओली करून, तास सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी जागेवर. थंड वाद्य उतरलेलं वाजतं, ते फुंकून गरम झाल्यावरच सूर जुळवण्याला अर्थ. स्टँडवर पेन्सिल. पेन नाही, पेन्सिल. एकदा चुकलेला शार्प-फ्लॅट दुसऱ्यांदा चुकायच्या आत खूण झाली पाहिजे. आणि 'कॉन्सर्ट बी फ्लॅट' (म्हणजे पियानोवरचा 'बी फ्लॅट') म्हटलं की आपण काय वाजवायचं हे पाठ हवं: क्लॅरिनेटला आणि ट्रम्पेटला 'सी', आल्टो सॅक्सला 'जी', फ्रेंच हॉर्नला 'एफ', फ्लूटला 'बी फ्लॅट'च. हे माहीत नसलेलं मूल शेजाऱ्याला विचारतं आणि आम्हाला वाटतं गप्पा मारतंय.

शेजारी बसाच. पण चूक दाखवायला नको. एकच विचारा, "आत्ता काय बदललंस?" उत्तर देता आलं की सराव झाला.

---

तिसरा_ट्रॉम्बोन

बाईंनी घरच्या सरावाचं उत्तम सांगितलंय, मी फक्त एक भर घालतो. मी सात वर्षं शाळेच्या बँडमध्ये तिसऱ्या ट्रॉम्बोनवर होतो. आमच्या वाट्याला धून कधीच आली नाही. लांब लांब सूर, नाहीतर चोवीस बार विश्रांती. घरी एकट्याने वाजवलं की त्याला काही अर्थच लागत नसे आणि वर्गात गेलो की बार मोजताना मी हरवायचो. शेजारचा कधी वाद्य उचलतो ते बघून मीही उचलायचो. आणि तोही माझ्याकडेच बघत असायचा, हे फार उशिरा कळलं.

मग एका शिक्षिकेने मोजायला शिकवलं. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. पहिला आकडा बारचा, आणि दर बारला मांडीवर एक बोट. पाच बोटं झाली की दुसरा हात. आजही हॉलमध्ये बसून कुणाचं संगीत ऐकताना बोटं आपोआप चालतात.

तुमच्या मुलीला घरी विश्रांतीचे बारही मोजायला लावा. ते गाळून पुढे जायची सवय लागली की वर्गात नडते. आणि पितळी वाद्य असलेल्या मुलांच्या पालकांनी एवढं लक्षात ठेवा: जितकं वाजवलं तितकीच ओठांना विश्रांती. दुखत असताना वाजवून ताकद वाढत नाही.

---

स्नेअरवाल्याचा_बाबा

मी थोडा वेगळा सूर लावतो. बाई, मिनिटांच्या तक्त्याला तुम्ही फार कमी लेखू नका. आमच्या मुलाला तक्ता नसता तर त्याने काठ्या हातात घेतल्याच नसत्या. पहिले तीन महिने "दहा मिनिटं झाली का?" एवढंच चालायचं. त्या दहा मिनिटांनी त्याला रोज बसायची सवय लागली. काय वाजवायचं हे नंतर आलं.

आता तो रबरी पॅडवर रुडिमेंट, म्हणजे ड्रमच्या ठोक्यांचे पायाभूत नमुने, करतो. १९८४ साली पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने चाळीस रुडिमेंटची यादी नक्की केली, तीच त्याच्या भिंतीवर आहे. एका आठवड्याला एक. पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. त्यात डाव्या हाताचा दुसरा ठोका दबायचा. मी डोळे मिटून ऐकतो आणि कुठला ठोका दबला ते सांगतो, असा आमचा खेळ आहे. मलाही संगीत येत नाही, पण दबलेला ठोका कुणालाही ऐकू येतो.

---

बँडबाई

बाबा, तुमचं म्हणणं मान्य आहे. बसायची सवय लागेपर्यंत मिनिटं उपयोगी, हे मी लिहायला हवं होतं. मी स्वतः पहिल्या सहामाहीत मिनिटंच लिहून घेते. त्यानंतर रकाना बदलते, 'आज काय बदललं' असं त्याचं नाव. मुलं एकेक ओळ लिहितात. "सातव्या बारमध्ये एफ शार्प विसरत होते, खूण केली." "श्वास चौथ्या बारनंतर घ्यायचा ठरवलं." अशा ओळी वाचून मला पुढच्या तासाला कुठून सुरू करायचं ते कळतं. नुसत्या वीस-वीस-वीस आकड्यांवरून काही कळत नाही.

---

क्लॅरिनेटची_आई

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

'ए'वरून 'बी'च होतं. बोटांच्या खुणा तपासल्या. छिद्रं झाकणाऱ्या सात बोटांपैकी सहांवर पूर्ण गोल, उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर अर्धा. तिचं ते बोट लहान आहे, छिद्रापर्यंत पोचताना वाकडं होतं. आम्ही दोघी आरशासमोर बसलो. तिने मनगट जरासं बाहेर काढलं आणि परत दाबून बघितलं. गोल उमटला. मग ती दिवसभर मला बोट दाखवत फिरत होती.

दोन सुरांचा सराव पहिल्या दिवशी तिला अजिबात पटला नाही. "ही काय धून आहे?" चौथ्या दिवशी स्वतःच मेट्रोनोम लावून बसली. तक्त्यावर मी सही करते आणि मिनिटांच्या खाली ती एक ओळ लिहिते. शिक्षकांना भेटून हेही सांगितलं, की ती सूचना चालू असताना का वाजवत होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि न फुंकता बोटं चालवायला आनंदाने परवानगी दिली.

काल तक्त्यावर तिने लिहिलंय: "बार १२, दहातून सहा वेळा. उद्या ११ जोडणार."