मदत हवी आहे: इशाऱ्याच्या नव्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग

मंडळी, आमच्याकडे हवामानाच्या इशाऱ्यांसाठी नवं सॉफ्टवेअर येतंय. धोक्याचा पट्टा नकाशावर स्वतः आखायचा, रंग ठरवायचा, मग इशारा सुटणार. जुन्या मंडळींचा भरवसा अजून एक्सेलवरच. त्यात ऐन पावसाळ्यात नाइट करून आलेल्या माणसाला ट्रेनिंगला बसवायचं तरी कसं!

सरावाला २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस घ्यावा म्हणतोय. सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला शंभरीसुद्धा नाही. अख्ख्या मुंबईला एकच रंग देऊन भागत नाही, हे तिथल्या तिथे पटेल. पण ६४.५, ११५.६, २०४.५ मिमी हे जोरदार, अति जोरदार आणि अत्यंत जोरदार पावसाचे टप्पे पाठ असलेल्यांना समुद्राच्या भरतीची वेळ आणि दादरचं सखल, तुंबणारं हिंदमाता धरून विचार करायला कसं शिकवायचं? कोणी असे सराव घेतलेत का? आणि जुनी पद्धत सोबत किती दिवस चालू ठेवलीत?