"आधी वजन कमी करा, मग या" हे पीसीओडीवाल्या पोरींना अजून किती वर्षं ऐकवणार?

वैशू_राजारामपुरी
काल आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एका जिमवाल्यांची पोस्ट फिरत होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पीसीओडी (ओव्हरीचा, पाळी आणि हार्मोन बिघडवणारा आजार) हा आळशी बायकांचा आजार, सकाळी उठून रंकाळ्याला चकरा मारा, साखर सोडून गूळ धरा, तीन महिन्यात वजन उतरतं आणि गोळ्या कचऱ्यात जातात. खाली बदाम आणि टाळ्या. माझ्या सासरच्या ग्रुपवर पण आली, कुणासाठी टाकली ते सगळ्यांना कळलं.

मला आळस शब्दाचा राग आलाय आणि त्याहून जास्त त्या तीन महिन्यांचा. दहावीपासून माझी पाळी कधी वेळेवर नाही, हनुवटीवरचे केस सारखे काढावे लागतात, मानेवर काळा पट्टा. आई तो बेसन लावून घासायची, तिला वाटायचं मळ आहे, मान लाल व्हायची पण पट्टा जायचा नाही. मळ नव्हताच तो, इन्सुलिनची करणी होती. अंगात इन्सुलिन भरपूर पण पेशी दाद देत नाहीत, मग शरीर अजून सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं, वजन वाढलं की हेच सगळं अजून घट्ट होतं. म्हणजे वजनाचा संबंध नाही असं मी म्हणतच नाहीये.

पण डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं ते ऐका. एका ठिकाणी खुर्चीत बसायच्या आधी काट्यावर उभं केलं, चिठ्ठीवर "वजन कमी करणे" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बीपी नाही, शुगर नाही, शेवटची पाळी कधी आली एवढं पण विचारलं नाही. वजन उतरवून या म्हणे. अहो तीन-तीन महिने पाळी येत नाही तेव्हा आत गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्याला काय माझं वजन उतरेपर्यंत थांब म्हणून सांगू? उपचार आणि वजन दोन्ही एकदमच चालू द्या, एवढंच म्हणणं आहे. वजन हे दवाखान्यात शिरायचं तिकीट करू नका.

तालमीतला_संग्राम
ती पोस्ट माझीच हाय. ताई राग मानू नका, पण जे रोज बघतो तेच लिहिलं. जिममध्ये पीसीओडी हाय म्हणून लई बायका येतात, काय खाता लिहून आणा म्हटलं की दोन चपात्या लिहून आणतात. त्या चपातीवरचं तूप, पोरांच्या डब्यात उरलेलं, संध्याकाळचं भडंग, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून प्यायलेलं दूध, ह्यातलं काय बी कागदावर नसतंय. म्हशीचं दूध हाय ते, ग्लासाला अडीचशेच्या घरात कॅलरी. आजार कुठला बी असू दे, खातोय त्याच्यापेक्षा जास्त जाळलं की वजन उतरतंय, अंग काय हवेतनं चरबी बनवत नाही. कळंब्याला सकाळी चालायला येतात आणि तिथनं थेट मिसळीला जातात, मी डोळ्यानं बघतो.

मृणाल_कसबा_बावडा
संग्रामदादांचं मला पटतं, वैशू तू चिडू नकोस. मी ८२ किलो होते, ७५ वर आले आणि पाळी आपोआप सुरू झाली, आता दर महिन्याला येते. कुणी जादू केली नाही, भात अर्धा केला, रात्रीचं जेवण लवकर, आणि टेंबलाईची टेकडी. सगळ्या गोष्टी आजारावर ढकलायच्या आणि प्रयत्न करायचा नाही असं पण असतं बऱ्याच जणींचं.

वैशू_राजारामपुरी
मृणाल, त्या काळात तुला मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनवरची गोळी, चालू होती का?

मृणाल_कसबा_बावडा
होती. पण गोळीनं एवढं वजन उतरत नाही हे तुला पण माहीत आहे.

वैशू_राजारामपुरी
माहीत आहे. म्हणून तर विचारलं. तुझ्या डॉक्टरनं गोळी पण दिली, तपासण्या पण केल्या आणि वजनाचं पण सांगितलं, आणि तुझं बरं झालं. मला तरी वेगळं काय हवंय?

अनुजा_४८_किलो
मी कुठं बसते ह्या सगळ्यात? उंची पाच फूट तीन, वजन ४८, वर्षातून पाच-सहा वेळा पाळी. तुला पीसीओडी कसा असेल, तू तर काडी आहेस, हे मी दोन डॉक्टरांकडून आणि सगळ्या नातेवाइकांकडून ऐकलंय. वाट्टेल ती टॉनिकं पाजली, कुणीतरी तूप-खारीक सांगितलं, शेवटी लग्नानंतर तपासण्या झाल्या तेव्हा कळलं. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी पहिल्यांदा ह्याच्यावर नीट लिहिलं ते सात बायकांवर, आणि त्यातल्या सगळ्याच काही जाड नव्हत्या. निदानाच्या रॉटरडॅमच्या निकषांमध्ये (२००३ चे) पण वजन कुठंच नाही. अनियमित पाळी, अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) जास्त, सोनोग्राफीत तशी ओव्हरी, ह्या तिन्हीतल्या दोन गोष्टी, आणि थायरॉइड वगैरे दुसरं कारण नाही हे बघायचं. संग्रामदादा, मला किती किलो उतरवायला सांगता?

शोभाकाकू_गडहिंग्लज
मुलींनो, आमच्या वेळेला हे असलं काही नव्हतं. भांगलण, धारा, विहिरीचं पाणी, दिवसभर अंग मोडायचं. सहा-सहा पोरं व्हायची. आता बसून मोबाईल आणि वरून ऑर्डर केलेलं. राग मानू नका.

अनुजा_४८_किलो
काकू, सहा पोरं झालेल्यांची आठवण राहते. माझ्या आजीच्या थोरल्या जावेला पाळी यायची नाही, हनुवटीला केस होते, मूल झालं नाही, मग नवऱ्यानं दुसरी केली आणि ती गोठ्याच्या शेजारच्या खोलीत राहिली मरेपर्यंत. भांगलण ती पण करायची. तिला काय झालं होतं हे कुणी विचारलंच नाही, वांझ म्हणून मोकळे झाले.

शोभाकाकू_गडहिंग्लज
हे बाकी खरं आहे गं. आमच्या भावकीत पण होती अशी एक. पण तरीही सांगते, अंगमेहनत सुटली हे काही चांगलं झालं नाही.

गुऱ्हाळवाला_करवीर
बाकीचं तुमचं तुम्ही बघा, पण वर गुळाला साखरेच्या ओळीत बसवायचा कार्यक्रम चाललाय तो मला मान्य नाही. आमच्यात तीन पिढ्या गुऱ्हाळ हाय. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची, गुळव्यानं चटका बघून सांगितलं की उतरवायचं, ह्यात औषध-पाणी काय नाही. लोह हाय, खनिजं हायत. साखर म्हणजे नुसतं पांढरं विष. संग्रामनं लिहिलंय ते बरोबरच हाय.

लॅबवाली_अर्चना
दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण वैशूनं गुळाचा फक्त उल्लेख केला होता, ओळीत मी बसवते. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. गुळात पण मुख्यतः सुक्रोजच आहे, रक्तातली साखर तो पण भरभर वाढवतो. लोह थोडं आहे, पण ते भरून निघायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यात इन्सुलिनचं वाटोळं होईल. आमच्याकडे बायका येतात, मॅडम मी साखर पूर्ण बंद केलीय म्हणतात, आणि चहात गुळाचा खडा, दुपारी शेंगदाण्याचा लाडू गुळाचा, रात्री चपाती-गूळ.

पूजा_मंगळवार_पेठ
मी तर दोन वर्षं झाली साखर सोडलो, गूळच घालतो चहात, आणि त्या पोस्टमुळं जरा जास्तच घालाय लागलो, चांगलंच हाय म्हणून. मग काय उपयोगच नाही काय त्याचा??

लॅबवाली_अर्चना
पूजा, चव आवडते म्हणून थोडा घाल, औषध म्हणून वाढवू नकोस.

गुऱ्हाळवाला_करवीर
ह्या असल्या कमेंटांनीच गुळाचा धंदा बसला. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय (भागाच्या नावाचा अधिकृत शिक्का) मिळालं, फायदा कुणाला? बाहेरचा गूळ आपल्या नावानं विकला जातोय, काही जण तर काहिलीत साखरच ओततात, पिवळाधमक दिसायला हायड्रॉस नावाचं रंग उजळायचं केमिकल मारतात, गिऱ्हाइकाला तसलाच पाहिजे. आम्ही काळसर नैसर्गिक गूळ केला तर रव्याला (ढेपेला) भाव पाडून मागतात. ऊस सगळा कारखान्याला चाललाय, चुलवाणावर जळण घालाय माणूस मिळत नाही, आणि वरनं तुम्ही शिकलेली माणसं सांगणार की गूळ आणि साखर एकच.

लॅबवाली_अर्चना
भावाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. भेसळीचा पण. पण तुमचा शुद्ध गूळ आणि भेसळीचा गूळ, दोन्ही खाऊन दोन तासांनी रक्त काढलं तर पीसीओडीच्या पेशंटला फारसा फरक दिसणार नाही. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) असलेल्या बाईनं गूळ खावा असं तुम्ही म्हणणार का?

गुऱ्हाळवाला_करवीर
असं मी म्हटलेलो नाही, तोंडात शब्द घालू नका.

तालमीतला_संग्राम
अर्चनाताई, गावाच्या गुळाला असं बोलायचं म्हणजे जरा जपून. आमच्या आखाड्यात पिढ्यानपिढ्या दूध-गूळ-बदाम खाऊनच पैलवान झालेत.

लॅबवाली_अर्चना
पैलवान पहाटे उठून हजारभर जोर-बैठका मारतो. तुमच्या पोस्टवर टाळ्या वाजवणाऱ्या बायका दिवसभर शिलाई मशीनवर नाहीतर बँकेच्या काउंटरला बसतात. पैलवानाचा खुराक त्यांना सांगून वर त्यांनाच आळशी म्हणता, हे कुठलं शास्त्र?

गुऱ्हाळवाला_करवीर
चहात चमचाभर गुळानं कुणी मरत नाही एवढं तरी लिहा.

लॅबवाली_अर्चना
लिहिते. चमचाभर गूळ म्हणजे वीसेक कॅलरी, त्यानं कुणी मरत नाही. झालं?

निशा_सध्या_पुण्यात
गुळावरून उठा आता. मी गेल्या वर्षीपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली टिर्झेपटाइडचं, म्हणजे भूक कमी करणारं, इंजेक्शन घेतेय, २०२५ ला भारतात आलं ते. पहिल्यांदा आयुष्यात जेवण समोर असून मला नको वाटलं. तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या लोकांना हे रोज असंच वाटत असणार, मला भूक जास्त लागायची ती खादाडपणा नव्हता. लोक शॉर्टकट म्हणतात, म्हणू देत. परवडत नाही हे खरं, मळमळ होते हे पण खरं, आणि हे घेताना गर्भ राहू द्यायचा नसतो, त्यात पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ह्या इंजेक्शननं कमी होऊ शकतो, तेव्हा कुणी ऐकीव माहितीवर मेडिकलमधून आणून टोचू नका.

मृणाल_कसबा_बावडा
आमच्या टेकडी चढण्याची मग काय किंमत?

निशा_सध्या_पुण्यात
मी पण चढते गं. तुला भूक आवरली, मला नाही आवरली. ह्यात तुझं मोठेपण आणि माझं कमीपण कुठून आलं?

वैशू_राजारामपुरी
संग्रामदादा, आता तुमच्यासाठी. पीसीओएसची (पीसीओडीचंच दुसरं नाव) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२३ ला नव्यानं आली. त्यात स्पष्ट आहे की कुठला एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस असा पुरावा नाही, किटो नाही, गूळ तर नाहीच. व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, शिवाय दोन दिवस तरी स्नायूंच्या ताकदीचा. तुम्ही बायकांना फक्त चालायला आणि ट्रेडमिलवर लावता, वजनं उचलायला देत नाही, पुरुषांसारखे दंड होतील म्हणून. स्नायू साखर खेचून घेतो हे जिमवाल्याला मी सांगायचं? आणि वजनावरून टोचून बोलण्यानं पेशंटचं नुकसान होतं, हे पण त्याच मार्गदर्शिकेत आहे. ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. म्हणजे ८० किलोवालीला चार ते आठ. तुमच्या पोस्टमध्ये वीस किलोवाले फोटो आहेत, ते बघून चार किलो उतरवलेली पोर स्वतःला नापास समजते आणि सगळं सोडून देते. माझी मावसबहीण अशीच सोडून बसलीय.

तालमीतला_संग्राम
वजनं उचलायचं तुमचं बरोबर हाय, ते मी नव्या बॅचला चालू करतोच, घरचेच नको म्हणतात बायकांना. आळस शब्द काढतो. पण खाणं लिहून ठेवा हे मी सोडणार नाही, त्याच्याशिवाय काय होत नाही, हे तुम्ही बी मनात मान्य करताय.

वैशू_राजारामपुरी
मान्य आहे. लिहून आणलेल्या वहीवर सगळ्यांसमोर हसायचं नाही, एवढं पाळा. तुमच्याकडे येणाऱ्या एका मुलीनंच मला सांगितलंय.

तालमीतला_संग्राम
कोण म्हटलं? नाव सांगा.

वैशू_राजारामपुरी
सांगणार नाही.

पूजा_मंगळवार_पेठ
अर्चनाताई एक विचारायचं राहिलं. मला डॉक्टरनी मेटफॉर्मिन दिल्या पण पोट इतकं बिघडतंय की मी दोनदा बंद केलो. आणि फास्टिंग इन्सुलिनची तपासणी करून घेऊ काय, पैसे लई सांगतायत.

लॅबवाली_अर्चना
रिकाम्या पोटी घेत असशील तर आधी ते बंद कर, जेवणाबरोबर घे. डॉक्टरना स्पष्ट सांग की सहन होत नाही, कमी डोसपासून हळूहळू वाढवता येतं किंवा सावकाश विरघळणारी गोळी देतात, मनानं बंद करू नकोस. बरीच वर्षं घ्यायची झाली तर अधूनमधून बी१२ व्हिटॅमिन बघायचं. फास्टिंग इन्सुलिनवर पैसे घालू नकोस, त्याच मार्गदर्शिकेत ती रोजच्या वापरासाठी नको म्हटलंय, मी लॅबमध्ये असून सांगतेय. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती शुगर कर, आणि बीपी, कोलेस्टेरॉल. उपाशीपोटी सकाळी ये, आणि येताना चहा पिऊन येऊ नकोस, गुळाचा पण नाही.