मॅग्नेट फिरत असताना खाली माणूस का?

जालनेकर:
माझा मावसभाऊ इथल्या एका लोखंड वितळवणाऱ्या भट्टीच्या भंगार यार्डात हेल्पर होता. क्रेनच्या विजेवरच्या मॅग्नेटला लागलेल्या भंगारातून पाइपाचा तुकडा सुटला आणि त्याच्या खांद्यावर बसला. हात अजून वर होत नाही. आणि मुकादमाचा पहिला प्रश्न काय, तर हेल्मेट होतं का? लागलं खांद्याला! मॅग्नेट सपाट प्लेट घट्ट धरतो, पण मिसळ भंगारात कडेचे तुकडे नुसते लोंबकळत असतात. वीज गेली तर सगळंच खाली. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, 1948 च्या कलम 29 नुसार क्रेनच्या चेन, वायर रोप निदान 12 महिन्यांतून एकदा तपासावे लागत. चेन शाबूत असली तरी लोंबता तुकडा पडायचाच. म्हणून मॅग्नेट फिरताना खाली कुणी नको.

यार्डवाला:
भाऊंचं वाईट वाटलं. पण भंगारात बंद सिलिंडर निघतात. एक जरी भट्टीत गेला तर स्फोट होतो, दहा जण भाजतात. तो हुडकायला माणूस ढिगापाशीच लागतो. हेल्मेट मी देतो, मे महिन्यात पोरं काढून ठेवतात. जास्त बोललं की दुसरीकडे कामाला जातात. सगळं मालकावर ढकलू नका.

जालनेकर:
सिलिंडर हुडकाच, पण क्रेन थांबवून. ढीग पसरा, मॅग्नेट बाजूला न्या, मग माणसं सोडा.

यार्डवाला:
त्यात दिवसाला दोन गाड्या कमी उतरतात. भट्टी थांबत नाही.

दारूखान्याची लेक:
बाबा मुंबईच्या दारूखान्यात जहाजं तोडायचे, गॅस कटर होते. वर कापणारा, खाली गोळा करणारा. वरून आरोळी द्यायची, गोंगाटात ती खाली पोचायचीच असं नाही. हेल्मेटवाल्यांनी एक हिशोब बघा. युरोपच्या ईएन 397 मानकात 5 किलोचा ठोकळा 1 मीटरवरून टाकून हेल्मेट तपासतात. तेवढाच तुकडा 10 मीटरवरून आला तर दहापट ऊर्जा घेऊन येतो. नटबोल्टसाठी हेल्मेट घालावंच. प्लेटपुढे त्याचं काही चालत नाही.

सेफ्टीवाला:
यार्डवाले, कायद्याचंही ऐका. दिलेलं हेल्मेट कामगाराने मुद्दाम काढलं, या कारणावर कामगार भरपाईच्या कायद्यात मालकाला भरपाई नाकारता येते. पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ती सबब चालत नाही.

यार्डवाला:
सगळ्या यार्डांनी एकदम क्रेन थांबवली तर मीही थांबवीन. एकट्याने केलं तर धंद्यातून उठेन.

जालनेकर:
मग तोवर एवढं करा. मॅग्नेट जिथवर फिरतो तिथवर जमिनीवर पिवळा पट्टा मारा, उचलण्याआधी भोंगा वाजवा आणि सगळे पट्ट्याबाहेर गेल्याशिवाय ऑपरेटरने हात लावायचा नाही. एका खेपेला अर्धं मिनिट जाईल. सोमवारपासून करता का?