यॉर्कमध्ये मुक्काम कुठे करावा: तटबंदीच्या आत की बाहेर?

कृष्णाकाठ

मुलांकडे इंग्लंडला येणारे आई-वडील, विद्यापीठाच्या पदवीदानाला येणारे पालक, एडिंबरोला जाताना वाटेत उतरणारी मंडळी, या सगळ्यांना यॉर्कबद्दल एकच सल्ला मिळतो. "शहरात हॉटेलं फार महाग आहेत. लीड्सला राहा, ट्रेनने पंचवीस मिनिटांत पोचाल." मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. सहलीतली एक रात्र कमी करा, पण मुक्काम यॉर्कमध्येच करा. तोही जमेल तर शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीच्या आत, नाहीतर तिला अगदी लागून.

यॉर्क हे दिवसभराच्या पाहुण्यांचं शहर झालं आहे. सकाळी साडेदहा-अकराला शॅम्बल्सच्या गल्लीत धड उभं राहता येत नाही. पाचनंतर दुकानं बंद होतात, सहलीच्या बस निघून जातात आणि मिन्स्टर या भव्य कॅथीड्रलच्या आसपासचे रस्ते मोकळे होतात. लीड्सला राहणारा माणूस नेमकं गर्दीतलं यॉर्क बघतो आणि शहर मोकळं झालं की गाडी पकडायला पळतो. मिन्स्टरमध्ये संध्याकाळी इव्हनसाँग, म्हणजे गायनासह प्रार्थना होते. तिला तिकीट नाही, कोणीही जाऊन बसावं. त्या उंच छताखाली गायकवृंदाचा आवाज कसा चढत जातो ते ऐकायचं असेल तर घड्याळाकडे बघत बसून चालत नाही. तटबंदी सकाळी आठला उघडते आणि अंधार पडायच्या सुमारास बंद होते. आठच्या ठोक्याला बूथम बारवरून (इथे बार म्हणजे तटबंदीतली वेस) चढून मंक बारपर्यंत चाला. एका हाताला मिन्स्टर आणि त्याच्या मागच्या बागा, दुसऱ्या हाताला खाली खंदक, आणि वर फारसं कोणी नाही. माझ्या मते यॉर्कमधल्या हॉटेलचा दर्जा इथूनच मोजायला सुरुवात करावी.

ताऱ्यांवर फार विसंबू नका. इंग्लंडात तारे घेणं हॉटेलांना सक्तीचं नाही. एए (ऑटोमोबाइल असोसिएशन) सारख्या संस्था तपासणी करतात ती हॉटेलने स्वतःहून मागितली तरच. त्यातही हॉटेलांची मोजपट्टी वेगळी आणि गेस्टहाउसची वेगळी, त्यामुळे दोन ठिकाणचे चार तारे एकसारखे नसतात.

खर्च करायची तयारी असेल तर मिन्स्टरसमोरचं डीन कोर्ट, मिन्स्टरच्या मागचं ग्रेज कोर्ट किंवा स्टेशनजवळचं ग्रँड बघा. बेताचं बजेट असेल तर मिकलगेट बारसमोर बार कॉन्व्हेंट आहे. जोगिणींचा हा मठ १६८६ पासून चालू आहे आणि तिथे पाहुण्यांसाठी खोल्या मिळतात. आतल्या प्रार्थनागृहाचा घुमट बाहेरून दिसू नये म्हणून साध्या उतरत्या छपराखाली लपवलेला आहे, कारण तो बांधला त्या काळात कॅथलिक पंथाच्या उपासनेला कायद्याने बंदी होती. अशा ठिकाणी सकाळचा चहा घ्यायला मिळणं मला चार ताऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

बकुळफूल

कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं तिशी-चाळिशीतल्या धडधाकट जोडप्याला लागू आहे. तुम्ही सुरुवात केलीत आई-वडिलांपासून, आणि त्यांचाच विचार केला नाहीत.

मी यॉर्कशायरमध्ये राहते. सासू-सासरे आले की आमची यॉर्कची फेरी ठरलेली असते. एकदा आत, अगदी मोक्याच्या जागी, जुन्या घराचं केलेलं हॉटेल घेतलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिना जुन्या वाड्यातल्यासारखा अरुंद आणि वळणाचा, त्यावर जाड गालिचा. सासूबाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून चढत होत्या. वर गेल्यावर बाथरूममध्ये शॉवर होता तो टबच्या आत, आणि टबची कड गुडघ्याच्या वर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने ती ओलांडायची कशी? धरायला भिंतीवर दांडासुद्धा नव्हता. दोन्ही दिवस त्यांनी बादली मागवून अंघोळ केली.

हा हॉटेलवाल्यांचा हलगर्जीपणा नाही, हे मला मान्य आहे. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या इमारतीत लिफ्टसाठी भिंत फोडायची किंवा खिडकी बदलायची तर परवानगी लागते, आणि ती सहज मिळत नाही. उन्हाळ्यात एसी नसतो आणि खिडकी चार बोटं उघडते, त्याचंही मूळ बहुतेक वेळा इमारतीतच असतं. पण कारण कळलं म्हणून गुडघ्याचं दुखणं थांबत नाही.

आणखी एक. शहराच्या मधल्या रस्त्यांवर दिवसा गाड्यांना बंदी असते. टॅक्सी तुम्हाला कोपऱ्यावर सोडते आणि तिथून दोन मोठ्या बॅगा दगडी फरशीवरून ओढत न्याव्या लागतात. म्हणून माझं मत: ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर तटबंदीबाहेरचं नवीन बांधणीचं हॉटेल घ्या. लिफ्ट, सपाट शॉवर, दारापर्यंत गाडी. साखळी हॉटेल असलं तरी चालेल. त्याला इतिहास नसेल, पण म्हातारं माणूस तिथे रात्री निर्धास्त उठून बाथरूमला जाऊ शकतं.

घाटमाथा

बकुळफूल यांच्याशी सहमत, आणि मी आणखी पुढे जातो. यॉर्कच्या बाहेरच राहायचं तर हॅरोगेटला राहा.

त्याच पैशात मोठी खोली, रुंद फुटपाथ, व्हॅली गार्डन्ससारखी बाग. गंधकाच्या पाण्याने औषधोपचार घ्यायला लोक इथे शतकानुशतकं येत होते, त्यामुळे पाहुण्यांची बडदास्त ठेवणं गावाच्या अंगवळणी पडलं आहे. १९२६ च्या डिसेंबरात ॲगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाल्या आणि अकरा दिवसांनी ज्या हॉटेलात सापडल्या, ते ओल्ड स्वान अजून चालू आहे. यॉर्कला थेट ट्रेन आहे, पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि वाटेत नेर्सबरोला निड नदीवरच्या उंच पुलावरून जाते. हातात गाडी असेल तर फाउंटन्स ॲबी या जुन्या मठाचे अवशेष जवळ, यॉर्कशायर डेल्सचा डोंगरदऱ्यांचा भाग जवळ. तीन-चार दिवसांचा मुक्काम असेल तर रोज यॉर्कच बघणार आहात का?

कृष्णाकाठ

घाटमाथा, हॅरोगेट मलाही आवडतं. पण तुम्ही सांगताय ती हॅरोगेटची आणि डेल्सची सहल, ज्यात यॉर्कला एक दिवस दिलेला आहे. ती करावीच. मी बोलतोय ते यॉर्क बघायला आलेल्या माणसाबद्दल. संध्याकाळी सहाला त्याने शहराबाहेर पडू नये, या मतावर मी ठाम आहे.

बकुळफूल, टबची कड हा मुद्दा मी मांडायला हवा होता, तो तुम्ही नेमका मांडलात. पण त्यासाठी शहर सोडायची गरज नाही. "जुनी इमारत" म्हणून सगळ्यांना एका रांगेत बसवू नका. इमारत मुळात कशासाठी बांधली होती ते आधी बघा. राहत्या घराचं हॉटेल केलेलं असेल तर तुम्ही सांगताय ते सगळं तिथे येणार. पण ग्रँडची इमारत १९०६ ची, नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं मुख्यालय म्हणून उभी राहिली. शेकडो लोकांची रोजची ये-जा गृहीत धरलेली, त्यामुळे छत उंच आणि मार्गिका रुंद. तिथे हॉटेल झालं २०१० मध्ये. स्टेशनला चिकटून असलेलं रेल्वेचं जुनं हॉटेल १८७८ चं, स्टेशननंतर एका वर्षाने उघडलेलं. ते तर पहिल्यापासून पेट्या घेऊन येणाऱ्या प्रवाशांसाठीच बांधलं. दोन्ही ठिकाणी लिफ्ट आहे, टॅक्सी दारापर्यंत येते आणि तटबंदी समोर दिसते. महाग आहेत, ते मी नाकारत नाही.

सांजवेळ

आवाजाचं कोणीच बोललं नाही. "पाचनंतर शहर शांत होतं" हे मंगळवार-बुधवारी खरं. शुक्रवार-शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करणारे तरुण-तरुणींचे घोळके उत्तर इंग्लंडभरातून यॉर्कला येतात, आणि मिकलगेटवर रात्री उशिरापर्यंत दंगा असतो. एकेरी काचेच्या जुन्या खिडकीतून तो सगळा खोलीत येतो. रेसकोर्सवर शर्यती असल्या की दरही चढतात आणि गर्दीही. ऑगस्टमधल्या एबॉर फेस्टिव्हल या शर्यतींच्या आठवड्यात तर आत खोली शोधायच्या फंदातच पडू नये.

नदीचंही लक्षात ठेवा. ऊझ नदीला पूर येणं यॉर्कला नवीन नाही. २००० च्या नोव्हेंबरात पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा पाच मीटरहून जास्त चढलं होतं, आणि २०१५ च्या नाताळात फॉस नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. हिवाळ्यात येणार असाल तर ऊझकाठच्या किंग्ज स्टेथच्या बाजूची "नदीचं दृश्य" असलेली खोली घेण्याआधी दोनदा विचार करा.

आत राहायचंच असेल तर रविवार ते गुरुवार, आणि खोली रस्त्याकडची नको, मागच्या अंगणाकडची मागा. शनिवारची रात्र असेल तर मी बकुळफूल यांच्या बाजूने.

रानवाट

बाहेर म्हणजे फक्त साखळी हॉटेल किंवा हॅरोगेट, असं चर्चेत का धरलंय? मिडलथॉर्प हॉल बघा. रेसकोर्सच्या पलीकडे, शहरापासून दोन-तीन किलोमीटरवर, १७०० च्या आसपास बांधलेली विटांची हवेली. २००८ पासून नॅशनल ट्रस्टची मालकी आहे. देवीची लस यायच्या कितीतरी आधी, तुर्कस्तानात बघितलेली देवी टोचण्याची पद्धत इंग्लंडात रुजवण्यासाठी धडपडणाऱ्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यू काही काळ या घरात राहिल्या होत्या. आजूबाजूला बाग, रात्री पूर्ण शांतता. माझ्या लेखी दर्जा म्हणजे ही शांतता, आणि ती तटबंदीच्या आत पैसे मोजूनही मिळत नाही.

नदीपार

मुलीचा पदवीदान समारंभ जुलैमध्ये आहे म्हणून हे सगळं बारकाईने वाचतेय. आम्ही नवरा-बायको आणि माझी आई. विद्यापीठ हेस्लिंग्टनला, म्हणजे तटबंदीच्या बाहेर पूर्वेला. मग आत राहून आमचा काय फायदा? दर तर त्या आठवड्यात आधीच वर गेलेत.

कृष्णाकाठ

नदीपार, समारंभ अर्ध्या दिवसात आटोपतो. शहरातून विद्यापीठाला बस सतत आहेत. उरलेला वेळ तुमची मुलगी तुम्हाला तिचं यॉर्क दाखवणार, आणि ते बहुतेक संध्याकाळीच. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. आईंना दमल्यावर पाच मिनिटांत खोलीवर नेता आलं पाहिजे. ते लीड्सहून शक्य नाही, हॅरोगेटहूनही नाही.

बकुळफूल

पाच मिनिटांत खोलीच्या इमारतीपर्यंत. खोलीपर्यंत किती, ते मी वर लिहिलंय.

नदीपार, कुठेही घ्या, पण बुकिंगच्या पानावर "लिफ्ट आहे" एवढं वाचून थांबू नका. शेजारशेजारची दोन घरं जोडून केलेल्या हॉटेलांत लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मार्गिकेत पुन्हा तीन-चार पायऱ्या असतात, कारण दोन घरांचे मजले एका पातळीत नसतात. हॉटेलला थेट ईमेल करा. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या? शॉवर टबमध्ये की वेगळा? टॅक्सी दारापर्यंत कोणत्या वेळेत येते? तिघांची एक खोली आहे की दोन घ्याव्या लागतील? दाखवलेल्या दरात व्हॅट धरलेला असतो, नाश्ता आणि पार्किंग मात्र बऱ्याचदा वेगळं, तेही विचारा. पायऱ्यांचा आकडा जे हॉटेल लिहून कळवेल, ते आत असो की बाहेर, आईंसाठी तेच घ्या. मी तरी अजूनही बाहेरचंच घेईन.