केबल लाइन बॉक्सनं बसली की मोबाइलनं?

नवी_पेठ: सोलापुरात काकांची केबल लाइन आहे, आता ते माझ्याकडे सोपवतायत. कनेक्शनं निम्म्यावर आलीत. काका म्हणतात, सेट-टॉप बॉक्स आला तेव्हाच धंदा हातातून गेला. मला वाटतं, जिओ आलं आणि लोक मोबाइलवर गेले. जुन्या मंडळींनी सांगावं, यात पैसे घालू का?

कंट्रोलरूम: काकांचं बरोबर आहे. ॲनालॉगला, म्हणजे बॉक्स यायच्या आधी, कंट्रोल रूम आपली होती. गच्चीवर डिश, आत प्रत्येक चॅनेलला एक रिसीव्हर आणि तो चॅनेल तारेवर चढवणारा एक मॉड्युलेटर. कुठला चॅनेल कितव्या नंबरावर, ते आपण ठरवायचो. गणपतीची मिरवणूक आपल्याच चॅनेलवर लावायचो, घरोघरी बायाबापड्या वाट बघायच्या. आणि घरं किती जोडलीत, हे फक्त आपल्याला ठाऊक. वर चॅनेलवाल्यांना आकडा कमीच जायचा. सगळीकडे तसंच होतं, त्यावर धंदा उभा होता. बॉक्स सक्तीचा करणाऱ्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात सोलापूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. बॉक्स लागला आणि प्रत्येक घराची नोंद एमएसओच्या, म्हणजे आपल्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीच्या, सर्व्हरवर गेली. मॉड्युलेटर भंगारात. गिऱ्हाईक आपलं, वायर आपली, पण चावी वरच्याकडे. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. मग २०१९ला ट्राय या सरकारी नियामकाची नवी दरपद्धत आली: तेव्हा १०० चॅनेलपर्यंत १३० रुपये अधिक जीएसटी, पे चॅनेलचे पैसे वेगळे. बिल वाढलं की बोलणी खायची वसुलीच्या पोरानं.

वाडीवरचा: आमच्याकडे वाडीपर्यंत केबल आलीच नाही. फ्री डिशची छत्री लावली, महिन्याला एक रुपया नाही. शहराबाहेरचं गिऱ्हाईक तिकडंच गेलं, हेही धरा.

नवी_पेठ: कंट्रोलरूम दादा, मग सोडून देऊ का? लाइन सगळी को-ॲक्सची, म्हणजे जुन्या तांब्याच्या केबलची आहे.

कंट्रोलरूम: सोडू नका. को-ॲक्सवर नवा पैसा मात्र घालू नका. तिथं थोड्या थोड्या अंतरावर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर लागतो, त्याला वीज लागते. लोडशेडिंगला घरात इन्व्हर्टर असला तरी चित्र जायचं, आठवत असेल. फायबरला मध्ये वीज लागत नाही. कंट्रोल रूमला सिग्नल सोडणारं ओएलटी यंत्र, घरात तो घेणारा ओएनयू डबा, मध्ये नुसते तार वाटून देणारे स्प्लिटर. त्याच काचेच्या तारेवर इंटरनेटही चालतं आणि टीव्हीही. आधी दाट वस्तीची एकच गल्ली करा, तिथलं इंटरनेटचं बिल सुरू झालं की पुढची. काकांना वसुलीला सोबत न्या, दारं त्यांना उघडतात.