भाच्याला मालीतल्या सोन्याच्या खाणीत काम मिळतंय, करारात काय काय बघावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. माझा भाचा राजुऱ्याकडे कोळशाच्या ओपनकास्ट खाणीत ओबीवर (कोळशावरची माती-दगड काढण्याच्या कामावर) डंपर चालवतो, एका खासगी ठेकेदाराकडे. आता नागपूरच्या एका एजंटामार्फत त्याला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात सोन्याच्या खाणीवर डंपर ऑपरेटरचं काम सांगून आलंय. पगार इथल्या तिप्पट, दोन वर्षांचा करार, राहणं-जेवण कॅम्पात. खाण पश्चिम मालीत, कायेस भागात, सेनेगलच्या सीमेकडे.

पोरगा जायला तयार आहे, आणि का ते मला समजतं. भाऊजी, म्हणजे त्याचे वडील, झाडीपट्टीच्या नाटकांतले कलावंत होते. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्र रात्र पेटीवर बसायचे; वडशाच्या नाटक कंपन्यांचं बोलावणं आलं की धानाचं चुरणं (मळणी) बाईवर, म्हणजे माझ्या बहिणीवर, टाकून निघायचे. त्यांची पेटी ऐकून गावोगावची माणसं अजून त्यांचं नाव काढतात. पण नाटकवाल्याला मिळते ती त्या रात्रीची बिदागी. पीएफ नाही, पेन्शन नाही. ते गेले तेव्हा घरात दीड एकर धान आणि सोसायटीचं कर्ज, एवढंच होतं. भाचा म्हणतो, "मामाजी, दोन वर्षं काढली तर कर्ज फिटते, अन् बाबांच्या पुण्यतिथीला गावात त्यांच्याच मंडळींचं नाटक लावतो." त्याला नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. म्हणूनच नीट माहिती काढायला बसलो, आणि जे सापडलं त्यानं झोप उडाली.

मालीत २०२० आणि २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतली. २०२३ मध्ये नवा खाण कायदा आला. आधी खाणीत सरकारचा वाटा २० टक्क्यांपर्यंत असायचा. आता सरकार आणि स्थानिक भागीदार मिळून ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सोन्याचा भाव चढला, आपल्याकडेच २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला. ज्याच्या जमिनीतून सोनं निघतं तो जास्त वाटा मागणार, यात मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. पण ती मागणी वसूल कशी झाली ते बघा. बॅरिक या कॅनडाच्या कंपनीची लुलो-गुनकोटो खाण याच भागात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे चार कर्मचारी अटकेत गेले, सोन्याची निर्यात अडवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सुमारे तीन टन सोनं हेलिकॉप्टरनं उचलून नेलं आणि कंपनीनं काम थांबवलं. जूनमध्ये कोर्टानं खाणीवर प्रशासक बसवला. समझोता झाला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. म्हणजे ते चौघं वर्षभर तुरुंगात, आणि ते मालीचेच नागरिक होते. रिझोल्युट या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रमुखालाच बोलणी करायला गेला असताना ताब्यात घेतलं होतं. १६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केल्यावर सुटका. शेजारच्या बुर्किना फासोनं तर २०२५ मध्ये सोन्याच्या पाच मालमत्ता सरकारी कंपनीकडे घेतल्या.

मोठ्या कंपन्या वकील लावतात, लवादात जातात. माझी काळजी डंपरवरच्या माणसाची आहे. खाणीला कुलूप लागलं त्या दिवशी ठेकेदाराचा ऑपरेटर कुठं जातो?

दुसरी भीती याहून मोठी. १ जुलै २०२५ ला कायेसच्या सिमेंट कारखान्यावर सशस्त्र हल्ला झाला आणि तीन भारतीयांना पळवून नेलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं तसं निवेदन काढलं होतं. नोव्हेंबरमध्ये पश्चिम मालीतच विजेच्या कामावरचे आणखी पाच भारतीय पळवले गेले. त्याच सुमारास अल-कायदाशी जोडलेल्या जेएनआयएम गटानं डिझेल-पेट्रोलचे टँकर अडवले, जाळले, तर इंधनाअभावी देशभरच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एजंट म्हणतो, "कॅम्पला सिक्युरिटी आहे." कारखान्यालाही असेलच ना.

कागदाचं एवढं कळलं: ज्या १८ देशांसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स (कामाला परदेशी जाण्याची सरकारी परवानगी) लागतो त्यांत माली नाही, आणि पोरगा दहावीच्या वर शिकलेला, त्यामुळे ती पायरीच येत नाही. तिच्यासोबत सक्तीचा असणारा १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमाही मग आपोआप निघत नाही. एजंटाची फी नियमानं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्याहून जास्त घेता येत नाही. आमच्याकडे याच्या कितीतरी पट मागितलेत. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटाचा नोंदणी क्रमांक शोधला, सापडला नाही; विचारलं तर "मुंबईच्या ऑफिसचा आहे" म्हणतो.

आता माझे प्रश्न. करारावर दुबईच्या एका कंपनीचं नाव आहे, खाणीच्या मालकाचं कुठंच नाही. पगार अडला तर दाद दुबईत मागायची की मालीत? सरकारशी भांडण होऊन खाण थांबली तर पगार आणि परतीचं तिकीट कुणी द्यायचं, हे करारात कोणत्या शब्दांत लिहून घ्यावं? 'अपरिहार्य परिस्थितीत करार विनामोबदला संपेल' असं एक कलम आहे. ते काढून मागितलं तर कुणी ऐकतं का? कंपनीचा जो विमा म्हणतात त्यात युद्ध आणि अपहरण वगळलेलं असतं का? पासपोर्ट कॅम्पात जमा करून घेतात का? मालीच्या राजधानीत, बामाकोला, भारतीय दूतावास आहे, तिथं आधीच नाव नोंदवता येतं का? आणि खाणीवर नेतात ते बामाकोहून रस्त्यानं, की सेनेगलची राजधानी डाकारकडून? टँकर जळले ते रस्त्यांवरच, म्हणून हे विचारतोय.

बल्लारपूर, वणी, घुग्गुसकडचे ऑपरेटर आफ्रिकेत गेल्याचं ऐकतो. तुमच्यापैकी कुणी माली, बुर्किना किंवा घानाच्या खाणीवर काम केलं असेल, किंवा घरातलं कुणी तिथं असेल, तर पगार खरंच घरी पोचतो का आणि सुट्टीवर सोडतात का, एवढं तरी सांगा. घानाचं काम याहून बरं असेल तर तेही सांगा, पोराला तिकडं वळवता येईल. 'जाऊ देऊ नका' असं म्हणणाऱ्यांचंही ऐकेन, फक्त कारण द्या, बाईला समजावताना कामी येईल.

एजंटाला पासपोर्ट अजून दिलेला नाही, पैसेही नाही. तो या आठवड्यात उत्तर मागतोय. कराराचा फोटो नावं झाकून पहिल्या प्रतिसादात टाकतो, कायद्यातल्या जाणकारांनी कृपया बघावा.